साक्षीपुरते पाप

शमिका साळवी जहाजावर गेली ती दूरदूरच्या बंदरांतील माणसांना सुवार्ता सांगण्यासाठी, आणि पहिले वर्ष तिने बटाटे सोलण्यात घालवले. या दोहोंत काही विसंगती आहे असे जहाजावर कोणालाही वाटत नव्हते. सेवा ही सेवाच असते, तिच्यात उच्चनीच नाही, असे तेथे सर्वजण म्हणत. विशेषतः ज्यांच्या वाट्याला बटाटे आलेले नव्हते ते.

जहाज एका ख्रिस्ती संस्थेचे होते. बंदरोबंदरी जाऊन ते पुस्तकांचे प्रदर्शन भरवी आणि प्रदर्शनाला येणाऱ्यांपैकी ज्याला ऐकण्याची इच्छा असेल त्याच्याशी धर्माच्या चार गोष्टी बोले. वर शेकडो स्वयंसेवक, देश पन्नासाहून अधिक, आणि पगार कोणालाच नाही, कप्तानालासुद्धा नाही. रत्नागिरीत, जेथे दर दोन घरांआड एखादा जहाजावरचा माणूस निघतो, ही शेवटची गोष्ट पटवून देणे साळवी कुटुंबाला फार जड गेले. शेजारचे गुलाम रसूल होडेकर यांनी उभा जन्म सारंग म्हणून, म्हणजे खलाशांवरचा प्रमुख म्हणून, निरनिराळ्या मालवाहू बोटींवर काढला होता. त्यांनी शमिकाला दोनदा बाजूला घेऊन विचारले होते की कंपनी बुडालेली आहे काय.

भटारखान्यातील कामाचे तिला दुःख नव्हते. दुःख होते ते खालच्या मजल्याचे. तिची खोली पाण्याच्या पातळीखाली होती. चार मुली, चार फळ्या, खिडकी नाही. भिंतीच्या पलीकडून समुद्र घासत गेल्याचा आवाज येई, पण समुद्र दिसत नसे. भाजीच्या पेट्या आत घेण्यासाठी जहाजाच्या कुशीत एक दार होते. त्या दारातून तिने आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील बंदरे पाहिली, म्हणजे प्रत्येक बंदराचा धक्का आणि त्याच्यावर उभा असलेला एक ट्रक पाहिला. गावात जाऊन माणसांना भेटण्याचे काम ‘किनारा-पथका’कडे असे, आणि त्या पथकात निवड व्हायची ती साक्षीवरून.

साक्ष म्हणजे काय हे ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढे पुरे की देवाने आपले आयुष्य कसे पालटले हे माणसाने चारचौघांत उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष. जहाजावर दर गुरुवारी संध्याकाळी मोठ्या दालनात साक्षी होत. एक ब्राझिलियन तरुण पूर्वी टोळीत होता आणि त्याच्या खांद्यावर गोळीचा व्रण होता. एका स्कॉटिश गृहस्थाने तीन देशांत चोऱ्या केल्या होत्या व त्यांपैकी दोन देशांत तुरुंग भोगला होता. अशा साक्षी ऐकून दालनातील माणसे रडत आणि देवाचे आभार मानत. शमिकाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली की तिचा जन्म रत्नागिरीत ख्रिस्ती घरात झाला, तिला लहानपणापासून देव आवडतो आणि म्हणून ती येथे आली आहे. एवढे सांगून ती खाली बसली. टाळ्या सभ्य होत्या.

पथकप्रमुख बाई डच होत्या व मनाने अत्यंत दयाळू होत्या. त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावून चहा दिला आणि विचारले की या सर्वांच्या आधी ती काय होती. ती म्हणाली, आधी ती रत्नागिरीत होती. बाईंनी प्रश्न बदलून पाहिला. धर्मामुळे घरच्यांचा छळ झाला काय? शमिकाने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. ईदला होडेकरांकडून शीरखुर्मा येई, गणपतीत समोरच्या अंगणातून मोदक येत, आणि नाताळात तिच्या आईचे करंज्या तळून हात दुखत. बाईंच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली तिच्यात रागाचा लवलेश नव्हता. त्या म्हणाल्या की देव सर्वांना अंधारातून आणतो, शमिकाने आपला अंधार नीट शोधावा. तोवर भटारखान्यात मदतीची गरज होतीच.

नोव्हेंबरात जहाज दुरुस्तीसाठी गोदीत चढले आणि स्वयंसेवकांना नाताळपर्यंत घरी पाठवण्यात आले. शमिका अंधार शोधण्यासाठी रत्नागिरीला परतली.

तिचे वडील काशीराम साळवी हे मराठी व इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. गाव त्यांना साळवी सर म्हणे आणि मनातून थोडे टाळत असे. त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि ती नाही हे त्यांना ठाऊक होते. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या म्हणजे शेजाऱ्यांना जड जातात. नाताळच्या केकमधील मनुका रममध्ये भिजवतात म्हणून ते केक खात नसत, आणि न खाण्याचे कारण प्रत्येक घरी सविस्तर सांगत. चर्चच्या मंडळीच्या बैठकीत त्यांनी मागील इतिवृत्तात दुरुस्ती सुचवली नाही असे क्वचितच घडे. वाद हा त्यांचा एकमेव विसावा होता.

लेकीची अडचण ऐकून ते प्रथम संतापले. तीन पिढ्या स्वच्छ राहिलेल्या घराकडे कोणी घाण मागावी, हा त्यांना अपमान वाटला. पण शमिकाने लिहिलेला मसुदा त्यांच्या हाती पडला आणि संतापाची जागा निराळ्याच भावनेने घेतली. तिने लिहिले होते की नववीत असताना एकदा चर्चमधील रविवारची शाळा चुकवून ती मैत्रिणींबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर गेली होती.

“हे पाप नव्हे,” सर म्हणाले. “ही सहल आहे.”

“मग मी काय करू बाबा? माझ्याकडे एवढंच आहे.”

सरांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ केला आणि पुन्हा उचलला. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे निबंध सुधारले त्याच्यासमोर दुबळा निबंध ठेवणे हे व्यसनी माणसासमोर बाटली ठेवण्यासारखे आहे. त्या रात्री जेवताना त्यांनी एक सिद्धान्त मांडला. प्रभू येशू स्वतः दृष्टांत, म्हणजे बोधासाठी रचलेल्या गोष्टी, सांगत असत. उधळ्या मुलाच्या दृष्टांतातील बापाचे नाव, गाव, पत्ता कोणी विचारला नाही. तो बाप खरा नव्हता म्हणून कोणी प्रभूला खोटे म्हटले नाही. तेव्हा शमिकाच्या साक्षीत एखादा दृष्टांतातील बाप आला, तर सत्याला बाध येत नाही. शमिका म्हणाली की साक्ष म्हणजे दृष्टांत नव्हे. त्यावर सरांनी अर्धा तास प्रतिपादन केले. शमिकाला तो युक्तिवाद पटला नाही हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तिला भाजीच्या दारातून दिसणारा ट्रक आठवला, आणि तिने मसुदा परत मागितला नाही.

दृष्टांतातील बाप आठवडाभर घडत होता. तो मिरकरवाड्याच्या बाजूला दारू पिऊ लागला, मग बायकोच्या बांगड्या विकू लागला. सरांची इंग्रजी जुन्या घडणीची होती. तिच्यात वाक्ये पायऱ्यापायऱ्यांनी चढत आणि शेवटी क्रियापदापाशी टेकत. बापाने घरातील बाजाची पेटी विहिरीत फेकली तो परिच्छेद लिहून झाल्यावर सर बराच वेळ खिडकीपाशी उभे होते. त्यांचे डोळे ओले होते. ज्या पेटीसाठी ते रडले ती त्यांच्या मागेच कोनाड्यात सुखरूप होती.

सगुणाबाईंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, हे सारे स्वयंपाकघरातून ऐकू येत होते. त्यांनी एकच हरकत घेतली.

“मी मार खाल्ला, असं लिहिलंत?”

“ते दृष्टांतातल्या बाईबद्दल आहे.”

“कोणत्याही बाईबद्दल असू दे. नाव माझ्या मुलीचं आहे ना खाली? मग तिची आई मीच. मार काढा तो. मी लाटणं घेतलं असतं, तुम्हाला माहीत आहे.”

सरांनी मार काढला आणि तेथे मूक अश्रू घातले. सगुणाबाईंना अश्रूही मान्य नव्हते, पण माशांचे कालवण उतू चालले होते.

साक्ष जहाजाच्या कचेरीला गेली आणि चार दिवसांत डच बाईंचे उत्तर आले. त्यांनी ती तीनदा वाचली होती. शमिकाने इतके दुःख इतके दिवस एकटीने वाहिले याचे त्यांना अपार वाईट वाटले, आणि जानेवारीपासून तिला किनारा-पथकात घेण्याचे ठरले. राहिला एक नियम. किनाऱ्यावर दिली जाणारी प्रत्येक साक्ष आधी स्वतःच्या गावातील देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मंडळीपुढे द्यावी लागे, म्हणजे ओळखणारी माणसे तिच्या खरेपणाची खात्री देऊ शकतील. तेथील धर्मगुरूंची, म्हणजे पाळकांची, सही व त्या प्रसंगाचे चित्रीकरण जहाजाकडे पाठवायचे. सोयीसाठी साक्षीची एक प्रत बाईंनी रत्नागिरीच्या पाळकसाहेबांना थेट पाठवली होती.

सरांनी हे पत्र उभ्याने वाचायला घेतले आणि बसून संपवले. तरी ते पुरते घाबरले नाहीत. त्यांचा हिशेब असा होता की पाळकसाहेब त्यांना वीस वर्षे ओळखतात. वाचून ते हसतील, आपण दृष्टांताची भूमिका समजावून सांगू, आणि मग काही तोड काढता येईल. या हिशेबात एक चूक होती. माणसाला वीस वर्षे ओळखणारा माणूस वीस वर्षे त्याच्या एखाद्या दोषाची वाट पाहत असू शकतो, हे त्यांनी जमेस धरले नव्हते.

पाळकसाहेब त्याच संध्याकाळी आले. ते हसले नाहीत. त्यांनी सरांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“सर, मला आधीच कळायला हवं होतं.”

“काय कळायला हवं होतं? मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही.”

“हो,” पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले. “असंच वाटतं सुरुवातीला.”

सरांनी दृष्टांताचा सिद्धान्त मांडला. पाळकसाहेबांनी तो मान डोलवत ऐकला, आणि जो माणूस कधीही कोणाचे बोलणे मान डोलवून ऐकत नसे त्याला प्रथमच कळले की मान डोलावणे हे किती भयंकर शस्त्र आहे.

पाळकसाहेबांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्यांनी ती फक्त महिला मंडळाच्या अध्यक्ष येसूबाई यांना प्रार्थनेसाठी म्हणून सांगितली. येसूबाईंनीही नाव गुप्त ठेवले. मंगळवारच्या प्रार्थनेत त्या म्हणाल्या की आपल्यातील एक बंधू, निवृत्त, शिक्षक, वादप्रिय, मोठ्या संकटात आहे. प्रार्थना संपेपर्यंत मंडळीतील प्रत्येक घराला सर्व काही उलगडले होते. कारण आता मागे वळून पाहता पुरावे सापडू लागले. सर केकला का शिवत नाहीत? स्वतःची भीती वाटते म्हणून. रोज दिवेलागणीला मांडवीच्या धक्क्यावर एकटे का फिरतात? ती वेळच तशी असते. डोळे लाल का? हात का थरथरतो? बैठकीत सर्वांशी भांडतात का? ज्या गुणांसाठी गावाने त्यांना आजवर टाळले होते त्यांपैकी एकही वाया गेला नाही; सगळे लक्षणे म्हणून उपयोगी पडले.

आणि गाव एकाएकी त्यांच्याशी चांगले वागू लागले. बैठकीत त्यांनी इतिवृत्तावर हरकत घेताच ती एकमताने मंजूर झाली. कोणीतरी सौंदाळे मासे आणून दिले, कोणी खास रमवाचून केलेला केक. एका साखरपुड्याच्या जेवणात त्यांच्यासमोर कोकम सरबत ठेवताना वाढणाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सर जितके नाकारत तितकी लोकांची करुणा वाढे. साळवी सरांवर माया करावी असे कारण गावाला यापूर्वी कधी मिळालेले नव्हते.

गुलाम रसूल यांना बातमी राजिवड्यात मासळी घेताना लागली. ते त्याच दिवशी सूर्यास्ताची नमाज आटोपून आले, सरांच्या ओटीवर बसले आणि उठेनात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी सरांनी कारण विचारले.

“काय नाय सर. बोटीवर आमच्यात पण असायची अशी माणसं. संध्याकाळचा तेवढा वेळ कोणीतरी सोबत बसावं लागतं. बाकी दिवस आपोआप जातो.”

“गुलामभाई, मी पीत नाही. मी ते लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं.”

“लिहिलात ते बरं केलात. अर्धी लढाई तीच.”

सर घरात आले. शमिका पाटावर बसून कांदा चिरत होती, इतक्या भराभर की त्या वेगाची सरांना पहिल्यांदाच दखल घ्यावीशी वाटली. रविवारच्या साक्षीला दोन दिवस उरले होते. पाळकसाहेब सही करायला तयार होते. साक्ष नुसती वाचून दाखवायची होती. सर तिच्यासमोर बसले आणि त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत थोडक्यात मांडलेला युक्तिवाद मांडला.

“वाच तू. माझं जे व्हायचं ते झालंय. आता नाही वाचलंस तर माझं गेलेलं परत येणार नाही, आणि तुझं मात्र जाईल.”

“म्हणजे मी देवळात उभं राहून तुम्हाला दारुडा म्हणू?”

“सगळे म्हणतातच आहेत. निदान तुझ्या उपयोगी तरी पडू दे.”

शमिकाची सुरी थांबली.

रविवारी देऊळ भरले होते. एरवी मागच्या बाकांवर बसणारी माणसे त्या दिवशी पुढे होती, आणि सरांच्या दोन्ही बाजूंना दोघे इतक्या जवळ बसले होते की जणू सर पडण्याची भीती असावी. फोन एका स्टँडवर लावलेला होता. शमिका कागद घेऊन वर गेली. तिने तो उघडला, पाहिला, आणि पुन्हा घडी घातली.

“या कागदावर माझी साक्ष म्हणून जे लिहिलंय ते खोटं आहे,” ती म्हणाली. “माझे बाबा दारू पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. आमच्या घरात अंधार नव्हता. मला चांगलं काम हवं होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं पाप नव्हतं, म्हणून बाबांनी ते लिहिलं, आणि मी ते माझ्या नावानं पाठवलं. पाठवताना मला ठाऊक होतं. लिहिलं त्यांनी, पण पाठवलं मी. तुम्ही सगळे त्यांच्याशी चांगलं वागताय, त्याबद्दल आभार. पण ते खोट्यावर उभं आहे. एवढंच. मी बटाटे सोलायला परत जाईन.”

ती खाली उतरू लागली. मग पहिला हुंदका येसूबाईंचा आला. त्यांच्यामागून सबंध उजवी बाजू रडू लागली. येसूबाईंनी शमिकाला वाटेतच छातीशी धरले.

“बापाची अब्रू झाकायला केवढं बोललीस गो बाय. स्वतःवर घेतलंस सगळं.”

“अहो, पण मी खरंच सांगतेय.”

“हो गो. रडू नको.”

शमिका रडत नव्हती. पाळकसाहेबांनी समारोपाच्या प्रार्थनेत अशा लेकी घरोघरी असाव्यात अशी मागणी केली आणि साळवी बंधूंना बळ मिळावे अशीही. सर उठून उभे राहिले. त्यांना दुरुस्ती सुचवायची होती. पण दोन्ही बाजूंच्या दोघांनी त्यांना आधार दिला, आणि आधार दिलेल्या माणसाला वाद घालणे शरीरदृष्ट्याच अशक्य असते.

चित्रीकरण, आणि त्यातील बोलण्याचे तिने स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर, शमिकाने त्याच रात्री डच बाईंना पाठवले. सोबत लिहिले की पथकातील जागा आपोआप रद्द झाली हे तिला समजते. उत्तराला आठवडा लागला. या आठवड्यात ती आईला नाताळच्या करंज्या करू लागली.

बाईंचे उत्तर आले तेव्हा सर टेबलाशी होते. शमिकाने ते मोठ्याने वाचले. बाईंनी लिहिले होते की प्रथम त्यांना फार राग आला. नंतर लक्षात आले की जानेवारीपासून आपल्याला हवी ती साक्ष हातात आहे. एक मुलगी महत्त्वाकांक्षेपायी खोटे बोलते, खोटे आपल्या बापाच्या नावावर करते, आणि मग आपल्या गावासमोर उभी राहून ते मोडते. याहून अधिक अंधार कोणी मागू नये. शमिकाने हीच साक्ष द्यायची होती. जागा तिचीच राहील. मात्र पहिला महिना भटारखान्यात, कारण खोट्याला काही किंमत असावी असे कप्तानांचे मत पडले होते.

शमिकाने पत्र खाली ठेवले. तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि ओशाळेपण यांचे असे मिश्रण होते की सगुणाबाईंनी विचारले, तिला बरे वाटत नाही काय.

“आई, मला पाप मिळालं,” ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या मनात या नव्या साक्षीचे पहिले वाक्य तयार होते आणि ते उत्तम होते. बापाच्या पात्राला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक खोली आली होती. त्यांनी कागद पुढे ओढला. शमिकाने तो हलकेच त्यांच्या हाताखालून काढून घेतला.

“ही मी लिहिणार.”

सरांना बोलायचे होते. पण ओटीवर चपलांचा आवाज झाला. सूर्य मावळला होता आणि गुलाम रसूल आले होते. सर बाहेर गेले. येत्या गुरुवारी लेक परत जाणार हे त्यांनी सांगितले, आणि जुन्या सारंगाने जानेवारीत जहाजाच्या वाटेवर वारा कोणत्या अंगाने असतो ते सांगितले. जरा वेळाने गुलाम रसूल यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“आज कसं वाटतंय सर?”

खंडनाचे सर्व मुद्दे सरांच्या जिभेवर क्रमवार उभे होते. आपण प्यालो नाही हे एकदा निःसंशय सिद्ध झाले तर उद्यापासून हा मनुष्य या वेळी येथे येणार नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. त्यांनी सगुणाबाईंना आतून दोन चहा पाठवायला सांगितले.

“आज बरं आहे,” साळवी सर म्हणाले.